ट्रॉमावर काम करायचंय, मग पदवी कुठली?

बारावीच्या निकालानंतर हल्ली मुलं, विशेषतः मुली, ठामपणे सांगतात, "मला ट्रॉमावर काम करायचंय." आईबाबांना दोन काळज्या: यात पोट भरेल का, आणि रोज असलं ऐकून आपलं पोर शाबूत राहील का?

त्यांच्याकडे वळण्याआधी ट्रॉमा, म्हणजे मनावरचा खोल आघात, समजून घेऊ. भूकंप किंवा अपघात हा एका दिवसाचा घाला असतो. लहानपणचा अत्याचार, घरातली रोजची मारहाण यांतून वर्षानुवर्षं सुटका नसते. हा फरक अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली ठळकपणे मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११मध्ये, 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे स्वतंत्र निदान आहे. हे निदान झालेल्या माणसाला नुसत्या आठवणी छळत नाहीत. भावना आवरत नाहीत, स्वतःची लाज वाटते, कुणावर विश्वास बसत नाही. थेरपिस्टवर तरी तो लगेच कसा बसेल? म्हणून आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आठवणी. उतावळ्या माणसाचं हे काम नव्हे.

आणि म्हणूनच बारावीनंतर 'ट्रॉमा'ची पदवी शोधत बसू नका. आधी पक्कं क्लिनिकल शिक्षण घ्या. मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए. आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. हा आजवरचा राजमार्ग. बेंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीची सीआयपी ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. मागे पडतंय आणि भारतीय पुनर्वसन परिषदेने, म्हणजे आरसीआयने, नवे अभ्यासक्रम आणलेत. त्यामुळे मोठ्या भावंडांचा सल्ला जुना झालेला असू शकतो. फी भरण्याआधी त्या संस्थेच्या त्याच अभ्यासक्रमाला, त्याच वर्षासाठी आरसीआयची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. आरसीआयची नोंदणी नसेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. शनिवार-रविवारच्या 'ट्रॉमा सर्टिफिकेट'ने ती मिळत नाही. ईएमडीआरसारखी ट्रॉमा-उपचाराची तंत्रं नंतर शिकायची. पाया नसताना शिकलेलं तंत्र पेशंटच्याच अंगाशी येतं.

कायदाही ठाऊक हवा. अल्पवयीन मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन त्याला आधी देऊन बसायचं नसतं.

आता पालकांच्या काळज्या. पैशांचं खरं सांगायचं तर सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. रुग्णालयात किंवा महाविद्यालयात नोकरी आणि जोडीला थोडी खासगी प्रॅक्टिस, असं बरेच जण बसवतात. मनावरचा ताण तर खराच. त्यावरचा उतारा म्हणजे सुपरव्हिजन: अनुभवी वरिष्ठासमोर आपल्या केसेस नियमितपणे मांडणं. अनेक थेरपिस्ट स्वतःही थेरपी घेतात, त्यात कमीपणा नाही. घरात स्वतःच्याच जखमा ताज्या असतील, तर आधी त्यांच्याकडे बघा. प्रवेश वर्षभर लांबला तरी चालेल.

कॉलेज बघायला गेलात की इमारत, प्लेसमेंटचे फलक यांत गुंतू नका. तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: आठवड्यातून किती वेळा सुपरव्हिजन मिळतं, आणि पेशंट प्रत्यक्ष बघायला मिळतात की नुसत्या फाइली?