विसरलेले कुठे जाते?

काल गिरवलेले अक्षर आज आठवत नाही. मग आपण म्हणतो, "आमचं डोकंच जड. या वयात आता काय शिकायचं!"

जर्मनीत एबिंगहाउस नावाचे विद्वान होऊन गेले. अर्थ नसलेले शब्द ते घड्याळ लावून पाठ करीत. तासाभराने पुन्हा बसले, तो निम्म्याहून जास्त मेहनत नव्याने करावी लागली! एवढ्या विद्वानाची ही गत. पण महिन्यानेही पाचवा हिस्सा मेहनत वाचत होती. म्हणजे विसरले तरी आत काही उरतेच. हे त्यांनी १८८५ साली छापले.

मग बुद्धी मोजतात ती कशी? पॅरिस शहरात १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी मुलांसाठी तीस कसोट्या केल्या. ऐकलेले आकडे परत सांगायचे, दोन वजनांतले जड कोणते ते ओळखायचे, अशा. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे शिकवावे, एवढाच हेतू. त्या आकड्याने कुणाला कायमचे मठ्ठ ठरवणे बिने यांना पसंत नव्हते. सरावाने बुद्धी वाढते, असे ते म्हणत.

आता पुस्तक मिटा. कालचा 'क्ष' पाटीवर काढा. अडला तर उघडून बघा. परवा पुन्हा काढा.