हलका डबा आणि त्याचा हिशेब

शहापूरकरांची कसारा लोकल आसनगाव, आटगाव, खर्डी अशी थांबत जाते. प्रत्येक थांब्यानंतर तिला पुन्हा वेग द्यावा लागतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. एक टनाच्या निम्म्या वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणा: ५०० × ४०० = २,००,००० जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लक्ष जूल. म्हणून डबा एक टनाने हलका केल्यास १८ वेळा सुटताना एक युनिट वाचेल. मात्र थांबताना ब्रेक काही वीज तारेला परत देतात. तेव्हा खरी बचत याहून कमी.

काचतंतू व रेझिन यांच्या संमिश्राची घनता सुमारे १.८, पोलादाची ७.८. मग सारा डबाच संमिश्राचा का करू नये? पोलाद वितळवून पुन्हा पोलाद मिळते. एकदा घट्ट झालेले असे रेझिन पुन्हा वितळत नाही. ते बहुधा पुरले किंवा जाळले जाते. कार्बनतंतू अधिक हलका व ताठ; पण तो हजार अंशांवर तापवून बनतो. ती ऊर्जा आधीच खर्ची पडते.

म्हणून जमाखर्च कारखान्यापासून भंगारापर्यंत मांडावा. जो डबा वारंवार थांबतो, त्याच्या हलकेपणाचा खर्च लवकर भरून निघतो.

कसारा घाटात ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. तेथे एक टन कमी झाल्यास किलोमीटरमागे किती जूल वाचतील? तुम्हीच काढून पाहा.