रबरी बुचाआडची चेन

डिसेंबरातली रात्र होती. उमरग्याचं लग्न आटोपून आम्ही दोघं मोटारसायकलवर गावी परतत होतो. सोलापूर-हैदराबाद हायवे सोडून मुरुम मोडावरून आत वळलो तेव्हा साडेनऊ वाजले असतील. उसाचा हंगाम भरात होता. समोरून आलेल्या ट्रॉलीला वाट देताना गाडी कडेच्या खड्ड्यात आदळली, चेनकव्हरमध्ये कडाडकन आवाज झाला आणि मागचं चाक जागीच जाम झालं. मी धडपडत उठलो तेव्हा बायको उजवा हात पोटाशी धरून रस्त्यावर बसली होती आणि मलाच विचारत होती, "अहो, तुम्हाला कुठं लागलं?"

तिचं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर राहिलं. भाकरी थापताना तो हात अजून दुखतो. गाडीची चेन उतरून पुढच्या लहान चक्रात अडकली होती. तिच्या ओढीनं इंजिनाचं आवरण तडकलं आणि सगळं ऑईल रस्त्यावर सांडलं.

हे टळलं असतं, म्हणूनच लिहितो आहे. त्याआधी मेस्त्रीनं मला दोनदा सांगितलं होतं, "मालक, चेन-स्पॉकेट बदलून टाका, दात टोकदार झालेत." दोन्ही वेळा मी म्हणालो, उसाचं बिल येऊ द्या. ऑईल मात्र वेळेवर बदलत होतो आणि सर्व्हिसिंगची पावती जपून ठेवत होतो. सर्व्हिसिंग झाली म्हणजे गाडी ठीक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. दोन महिने कव्हरमधून खट्‌खट्‌ येत होती. तो आवाजही मी रोजचाच समजलो.

आपल्याकडच्या 100-110 सीसीच्या बहुतेक गाड्यांना चेनवर पूर्ण कव्हर असतं. चिखलापासून ते राखतं हे खरं, पण त्यामुळं चेन डोळ्यांआड जाते. कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढून बोट घालायचं आणि खालची चेन वर-खाली हलवायची. अशा बहुतेक गाड्यांत ती साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागते. ताण बसवायचा तो सगळ्यात ताठ जागेवरून. हे बूच हरवलं असेल तर आजच दुसरं घ्या. माझं वर्षभर नव्हतं आणि त्या भोकातून काळ्या रानाचा सगळा चिखल आत जात होता.

चेन वाढली असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. एका चेनमध्ये शंभरावर कड्या असतात आणि प्रत्येक कडीत पिन असते. एकेक पिन मिलिमीटरचा पाचवा हिस्सा जरी झिजली, तरी शंभर कड्यांची मिळून चेन दोन सेंटिमीटरनं लांबते. मग ती दातांच्या बुडाशी बसत नाही, टोकांवर चढते आणि दात आकड्यासारखे वाकडे झिजवते. अशा दातांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर संपते. म्हणून चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदलायची, नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत. मागचे अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत गेले असतील, तर आणखी ताणायचा प्रयत्न करू नका, चेनचं आयुष्य संपलेलं आहे. माझे अ‍ॅडजस्टर त्या खुणेच्याही पुढं गेले होते.

नव्या चेनचं लॉक बसवताना स्वतः उभं राहून बघा. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते तिकडं हवं. उलटी बसली तर क्लिप घासून निघू शकते.

दुसरी चूक म्हणजे चेन फार घट्ट करणं. दोघं बसलो, मध्ये दुधाची कॅन ठेवली, की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताठ होते. ती आधीच ताठ असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ येते. आणि चाक मागं सरकवलं की मागच्या ब्रेकची दांडी ओढली जाते, हे घरी पाना चालवणाऱ्या पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ब्रेक थोडा लागूनच राहतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं. चेन ताणली की ब्रेकचा नटही जुळवायचा, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना ते बघायचं आणि शेवटी एक्सलचा नट जोर लावून आवळायचा.

तेल कधी द्यायचं? मी पूर्वी सकाळी निघताना द्यायचो. ते सगळं उडून रिमवर जायचं. आता संध्याकाळी रानातून आल्यावर, चेन कोमट असतानाच देतो. रात्रभरात ते पिनांपर्यंत मुरतं. नव्वद नंबरचं गिअर ऑईल चालतं. साधारण 500 किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली की त्याच दिवशी. चिखलावर तेल ओतू नका. माती आणि तेल मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात. आधी रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पुसा, मग तेल द्या. यात एक गोष्ट जिवाची आहे. गाडी चालू करून, गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावू नका. फडकं चक्रात ओढलं जातं आणि त्यामागं बोटं जातात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं. लेकराबाळांना जवळ येऊ देऊ नका.

इंजिन ऑईलबद्दल थोडं. या लहान गाड्यांत जेमतेम लिटरभर ऑईल असतं आणि तेच इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही सांभाळतं. घरात ट्रॅक्टरचं ऑईल उरलंय म्हणून गाडीत ओतणारे मी पाहिलेत. मोटारसायकलचा क्लच ऑईलमध्ये भिजलेला असतो, भलतं ऑईल पडलं तर तो घसरू लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 लिहिलेलं बघून घ्या. पातळी बघताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर हवी, साईड स्टँडवर खोटी पातळी दिसते.

ब्रेकच्या ड्रमजवळ एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला, की लायनर संपले. हे बघायला पाना लागत नाही, वाकून बघितलं की झालं. ऊस वाहायच्या दिवसांत तर हे हवंच. मागं दिवा नसलेली ट्रॉली रात्री पुढं दिसते तेव्हा अंतर फारच थोडं उरलेलं असतं. त्याच दिवसांत धुरळ्यानं एअर फिल्टर भरतो. फोमचा असेल तर धुता येतो, कागदाचा असेल तर झटकत बसू नका, बदला. हवा टायर थंड असताना भरा, मागं कोणी बसणार असेल तर पुस्तकात दिलेली जास्तीची.

पेट्रोलचंही बघायला हवं. आपल्याच भागातल्या उसापासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. 2023 च्या आधीची, कार्ब्युरेटरची गाडी महिना-महिना गोठ्यात उभी राहत असेल तर टाकीत तेच पेट्रोल साचू देऊ नका, आणि पेट्रोलची रबरी नळी चिरली नाही ना, हे अधूनमधून बघा.

मेस्त्रीकडं गाडी टाकून घरी येणं मी सोडलं. तिथंच थांबतो, निघालेले जुने भाग हातात घेऊन बघतो. पुढच्या वेळेपर्यंत काय चालेल आणि काय नाही, असं सरळ विचारतो. त्यानं "नाही चालणार" म्हटलं, की त्या दिवशी तेच काम करून घेतो. खिशात पैसे नसतील तर गाडी तिथंच सोडून एसटीनं येतो. नवा चेन सेट घ्यायला मला दीड हजारसुद्धा लागले नसते.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिलेला असतो. त्याच चौकटींत आता मीटरवरचे किलोमीटरही असतात. चेनला तेल दिलं की मी घरात येऊन आकडा सांगतो, बायको लिहून घेते. प्लास्टर निघाल्यावर पहिले काही महिने ते आकडे डाव्या हातानं लिहिलेले, वाकडेतिकडे आहेत. त्या वर्षाचं कॅलेंडर मी अजून खिळ्यावरून काढलेलं नाही.