सर्वांचा एक सदरा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्यातली कितीतरी कुटुंबे सहलीला निघतात. काका, आत्या, मामा, मुले, सुना असा सारा गोतावळा एका गाडीत बसतो. हल्ली अशा सहलीची आणखी एक तयारी असते. लहानथोर सर्वांनी एकाच रंगाचा, एकच मजकूर छापलेला टी-शर्ट घालायचा.

म्हातारी माणसे म्हणतात, "काय ही नवी थेरं!" पण आम्हांला यात फारसे नवे काही दिसत नाही. दिवाळीला एकाच ताग्यातले कापड आणायचे आणि घरच्या सगळ्या पोरांना त्याचेच शर्ट आणि झगे शिवायचे, ही रीत आपल्याकडे कितीतरी घरांत होती. कापड स्वस्त पडे, शिंप्याचे काम सोपे होई आणि "त्याला चांगले, मला नाही" असे भांडण राहत नसे. उरलेल्या कापडाचे उशीचे अभ्रे होत. मुले रस्त्याने निघाली की लोक म्हणत, "बँडवाले चालले बघा!" थोरल्याचा शर्ट आखूड झाला की धाकट्याच्या अंगात जाई. म्हणजे धाकट्याला तो एकच रंग चार-पाच वर्षे पुरे.

सारखा पोशाख नुसता हौसेचा नसतो. त्याचा उपयोगही असतो. आळंदी आणि देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा लाखो माणसे एकत्र असतात. बहुतेक पुरुषांच्या अंगात पांढरा सदरा आणि डोक्याला टोपी. मग चुकलेल्या माणसाने आपली माणसे शोधावी कशी? म्हणून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत दिंड्यांना क्रमांक असतात. रथापुढे अमुक, रथामागे तमुक. तेवढा आकडा ध्यानात असला की माणूस आपल्या दिंडीला जाऊन मिळतो. सहलीच्या शर्टाचेही तसेच आहे. गर्दीत आत्या मागे राहिली तर दुरून रंग ओळखू यावा, हे त्याचे पहिले काम.

आता समजा, १४ माणसांचे एक कुटुंब पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात निघाले आहे. दिवेआगर पाहायचे, मग हरिहरेश्वर. शर्ट कसा ठरवावा?

बहुतेक घरांत तरुण मुले आधी रंग ठरवतात आणि शेवटी आजीकडे वळतात. आजी म्हणते, "अगं बाई, मला कशाला हे ध्यान?" ती नऊवारी नेसते, तिने टी-शर्ट का घालावा? मग छायाचित्रात सगळे एका रंगात आणि आजी तेवढी वेगळी, जणू दुसऱ्या गाडीतून आलेली. आम्ही म्हणतो, सुरुवात आजीपासूनच करा. तिच्या पेटीतले तिच्या आवडीचे लुगडे काढा. हिरवे असेल तर शर्ट हिरवा, जांभळे असेल तर जांभळा. तिला नवे काही घ्यायला नको आणि सारे घर तिच्या रंगाचे होते.

दुसरी गोष्ट पैशाची. एक शर्ट २५० रुपयांना पडतो असे धरू. १४ शर्टांचे ३,५०० रुपये झाले. थोरल्या भावाला ते जड नाहीत. पण धाकट्याचे काम यंदा सुटले आहे आणि त्याच्या घरात चार माणसे आहेत. त्याच्या वाट्याला १,००० रुपये येतात. तो तोंडाने काही बोलणार नाही. आदल्या दिवशी निरोप येईल, "पोराला ताप आहे, आम्ही नाही येत." तेव्हा वर्गणी सर्वांदेखत मागू नये. थोरल्या वहिनीने धाकट्या जावेला स्वयंपाकघरात हळूच विचारावे. जमत नसेल तर शर्टाचा बेत मुकाट्याने बदलावा. प्रत्येकाने घरातलाच पांढरा सदरा घालावा आणि गळ्यात एकाच कापडाचा रुमाल बांधावा. एक मीटर पन्ह्याच्या कापडातून दर मीटरला अर्ध्या मीटरचे ४ चौकोनी रुमाल निघतात. १४ रुमालांना साडेतीन मीटर कापड पुरते. आजीही तो खांद्यावर टाकील.

शर्टच करायचा ठरला, तर कापड पाहून घ्या. टी-शर्टाचे कापड विणीचे असते, बनियनसारखे, म्हणून ते ताणते. तमिळनाडूतले तिरुप्पूर हे गाव या मालासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही बाह्या पसरून ठेवल्या की हा शर्ट इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो, त्यावरून त्याला हे नाव पडले. दुकानदार "१८० जीएसएम" असे काही म्हणेल. घाबरू नका. एक चौरस मीटर कापडाचे वजन १८० ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. आकडा मोठा तितके कापड जाड. कोकणातल्या घामाला सुतीच बरे. पण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून माप थोडे सैल घ्यावे. मापासाठी अंगाला नीट बसणारा जुना शर्ट सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. २० इंच आले तर छाती ४०. नुसते "मोठा द्या" म्हणू नका, कारण एका दुकानातला मोठा दुसऱ्या दुकानात मधला असतो.

छपाईत पैसे कुठे जातात, तेही समजून घ्या. जाळीच्या पडद्यातून शाई दाबून छापतात, त्यात दर रंगाला वेगळा पडदा लागतो. एका पडद्याचे ५०० रुपये धरले, तर दोन रंगांचे १,००० झाले. गणेश मंडळाचे १०० शर्ट असतील तर दर शर्टाला १० रुपये पडतात. आपल्या १४ शर्टांना मात्र सुमारे ७१ रुपये. म्हणून थोड्या शर्टांना एकच रंग ठेवावा, नाहीतर संगणकावरून थेट छापणारा किंवा उष्णतेने चिकटवणारा कारागीर गाठावा.

आता मजकूर. इथे आम्ही जरा जास्त थांबणार आहोत. कित्येकांच्या छातीवर इंग्रजी वाक्य असते आणि ते काय आहे हे घालणाऱ्यालाच ठाऊक नसते. कधी ते निरर्थक असते, कधी चक्क वाईट असते. सासऱ्यांच्या अंगावर भलतेच काही मिरवले जाते आणि समोरची पोरे हसतात. तेव्हा मजकूर आपल्या भाषेत असावा आणि थोडा असावा. "आम्ही निघालो कोकणाला" एवढे पुरे.

छापण्याआधी कारागिराकडून नमुना मागा आणि तो घरात नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला आधी दाखवा. हे आम्ही गमतीने सांगत नाही. सराईत माणूस शब्द नजरेने उचलतो आणि चूक तशीच सुटते. नवा वाचणारा एकेका अक्षरावर बोट ठेवतो, म्हणून त्याला चूक सापडते. संगणकावर मराठी अक्षरे कधी कधी बिघडतात. "दिवेआगर" या शब्दात "दि"ची वेलांटी "द"च्या आधी उभी असते. बिघडलेल्या छाप्यात ती पुढे सरकून "व"च्या गळ्यात पडते. "हरिहरेश्वर" यातला "श्व" फुटतो, "श"चा पाय मोडलेला दिसतो आणि "व" एकटा पडतो. उष्णतेच्या कागदावर तर सगळी अक्षरे आरशातल्यासारखी उलटी निघण्याचीही भीती असते. सासूबाई गेल्या वर्षी बाराखडी शिकल्या असतील, तर नमुना त्यांच्यासमोर ठेवा. त्या बोट ठेवून म्हणतील, "सूनबाई, ही वेलांटी इथे नाही हो!" एकदा छापले की पुसता येत नाही. १४ शर्ट वाया जाण्यापेक्षा अर्धा तास जास्त गेलेला चांगला.

मुलांच्या पाठीवर नावे छापायची टूम आहे. आम्हांला ती पसंत नाही. अनोळखी माणूसही मग नावाने हाक मारतो आणि मूल फसते. त्याऐवजी शर्टाच्या आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर, आईचा फोन नंबर पक्क्या शाईने लिहा. दहा आकडे आहेत की नाहीत, ते मोजा. मूल हरवले तर पोलीसदादाला पट्टी उलटून दाखवायची, हे त्याला घरीच दोनदा करून घेऊन शिकवा. आजोबा विसरभोळे असतील तर त्यांच्याही शर्टावर लिहा, फक्त त्यांना आधी विचारा.

शर्ट घरी आले की निघण्याआधी एकदा धुऊन घ्या. पहिल्या वेळी रंग जातो, तेव्हा पांढऱ्या कपड्यांत घालू नका. उलटे करून गार पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा. इस्त्री छाप्यावरून फिरवू नका.