खेळाडू, कंपनी आणि उपजीविका

एखाद्या खेळाडूची कारकीर्द सांगताना आपण बहुधा त्याने जिंकलेले सामने मोजतो. तो पोट कशावर भरत होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तथापि खेळाडूच्या आयुष्याचे वळण पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. बास्केटबॉल या दृष्टीने अभ्यासण्यासारखा खेळ आहे. फिलिपीन्स आणि भारत या दोन आशियाई देशांत तो एकाच संस्थेच्या द्वारे पोचला आणि दोन्हीकडे तो कंपन्या व कार्यालये यांच्या आश्रयाने वाढला. तरीही दोन्ही देशांतील खेळाडूंचे जीवनक्रम अगदी निराळे झाले. असे का झाले, ते या प्रकरणात पाहू.

बास्केटबॉलचा जन्म 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात झाला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ हवा, म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने भिंतीला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. फिलिपीन्स त्यानंतर लवकरच अमेरिकेच्या सत्तेखाली आले व विसाव्या शतकाच्या आरंभी वायएमसीएच्या शिक्षकांनी हा खेळ तेथील शाळांत नेला. भारतात त्याच संस्थेच्या हॅरी क्रो बक यांनी 1920 साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो ठिकठिकाणी रुजविला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये झाली.

फिलिपीन्समध्ये मात्र या खेळाने लोकांच्या मनाची अशी काही पकड घेतली की, गल्लीच्या तोंडाशी, चर्चच्या आवारात, नारळाच्या झाडालादेखील कडे ठोकलेले दिसू लागले. उंचीच्या या खेळात फिलिपिनो माणूस शरीरयष्टीने उणाच. पण त्याने चपळाई आणि जिद्द यांवर ती उणीव भरून काढली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या देशाने पाचवा क्रमांक मिळविला, आणि 1954 साली रिओ द जानेरो येथील जागतिक स्पर्धेत तिसरा.

पगारपत्रकावरील खेळाडू

मनिला शहरातील उद्योगसंस्थांनी 1938 साली आपली एक क्रीडा संघटना स्थापन केली. तिच्या स्पर्धांत उतरणारे संघ कंपन्यांचे असत. खेळाडू नावाला हौशी. तो कंपनीचा नोकर म्हणून पगार घेई आणि त्याचा बराचसा वेळ मैदानावर जाई. भारतीय वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. रेल्वे, सैन्यदले, पोलीस, बँका आणि विद्युत मंडळे यांच्या संघांवरच आपल्याकडील बास्केटबॉल उभा राहिला.

1975 पर्यंत दोन्ही देशांची वाट अशी जवळजवळ समांतर होती. त्या वर्षी मनिलातील नऊ कंपन्यांनी जुनी संघटना सोडून फिलिपीन बास्केटबॉल असोसिएशन ही व्यावसायिक साखळी सुरू केली. 9 एप्रिल 1975 रोजी तिचा पहिला सामना झाला. आशियातील ही पहिलीच व्यावसायिक बास्केटबॉल साखळी होय. तिचे संघ शहरांच्या नावाने नव्हेत, तर कंपन्यांच्या नावाने खेळतात. म्हणजे आश्रयदाता पूर्वीचाच राहिला; बदलला तो करार. नोकराचा व्यावसायिक खेळाडू झाला.

एक कारकीर्द

या स्थित्यंतराचा उत्तम नमुना म्हणजे रॉबर्ट जावोर्स्की. 1946 साली जन्मलेल्या जावोर्स्की यांनी विद्यापीठाच्या संघातून नाव मिळविले. 1967 मध्ये आशियाई विजेतेपद पटकावणाऱ्या आणि 1968 मध्ये मेक्सिको ऑलिंपिकला गेलेल्या राष्ट्रीय संघांत ते होते. पुढे मेराल्को या वीज कंपनीकडून खेळत असताना 1971 च्या एका सामन्यात पंचांवर हात उगारल्याबद्दल त्यांच्यावर आजन्म बंदी आली. ही बंदी पुढे उठली आणि 1973 मध्ये मनिला येथे आशियाई विजेतेपद जिंकणाऱ्या संघात ते पुन्हा दिसले.

व्यावसायिक साखळीत ते टोयोटाकडून उतरले आणि 1978 मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. 1984 मध्ये कंपनीने तो संघच मोडला. व्यावसायिकतेची ही दुसरी बाजू होय: कंपनीचा हिशेब बदलला की, लोकप्रिय संघही एका दिवसात नाहीसा होतो. जावोर्स्की पुढे हिनेब्रा या नावाने प्रसिद्ध झालेल्या संघात गेले आणि 1985 पासून खेळाडू व प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळू लागले. त्याच वर्षी एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे कोपर लागून त्यांचा ओठ फाटला. रुग्णालयात नऊ टाके घालून घेऊन ते त्याच सामन्यात परतले आणि पिछाडीवर असलेला त्यांचा संघ जिंकला. या प्रसंगाने ते लोकनायक झाले. 1997 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते शेवटचे खेळले. 1998 मध्ये सिनेटवर निवडून आले.

परंतु या यशाची किंमतही द्यावी लागली. त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूला राष्ट्रीय संघात स्थान नव्हते. साखळीत पाऊल टाकताच खेळाडू देशाच्या पोशाखाला मुके. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने हा निर्बंध काढला आणि 1990 च्या बीजिंग आशियाई खेळांत फिलिपीन्सचा व्यावसायिकांचा पहिला संघ उतरला. त्याचे प्रशिक्षक जावोर्स्कीच होते. त्या संघाने रौप्यपदक जिंकले.

बंगळुरूमधील चित्र

भारताने 1975 मध्ये तसे वळण घेतले नाही. त्याच वर्षी बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत आपला पुरुष संघ चौथा आला होता. मुंबईच्या नागपाड्यात घडलेले अब्बास मुन्तसिर हे त्या पिढीचे अग्रणी. त्यांना 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला होता. गुणवत्ता होती, पण खेळ हा नोकरीचा आनुषंगिक भाग राहिला. बंगळुरूत मुख्यालय असलेल्या विजया बँकेचा संघ देशात नावाजलेला होता. 2019 साली ती बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली.

या व्यवस्थेला केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. चेन्नईच्या अनिता पॉलदुरै दक्षिण रेल्वेच्या नोकरीत राहून 2000 ते 2017 अशी जवळजवळ अठरा वर्षे भारताकडून खेळल्या. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोणतीही व्यावसायिक साखळी नसताना एका स्त्री-खेळाडूला इतकी दीर्घ कारकीर्द लाभली, त्यामागे नोकरीची शाश्वती होती. जुलै 2017 मध्ये बंगळुरूच्या कंठीरव अंतर्गृह क्रीडागारात महिलांचा आशिया चषक झाला. ब गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानवर 75-73 असा निसटता विजय मिळविला आणि अ गटात प्रवेश केला. पुण्याच्या शिरीन लिमये या संघात होत्या.

त्याच क्रीडागारात फिलिपीन्सचा महिला संघही खेळला आणि 2019 मध्ये त्याने भारताला हरविले. पण त्या मुलींची स्थिती काय होती? पुरुषांची साखळी चार दशके जुनी असली, तरी स्त्रियांना तसा आधार नव्हता. त्या संघातील जॅक अनिमाम 2021 मध्ये व्यावसायिक म्हणून खेळण्यासाठी सर्बियात गेल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या पुढे मैदानावर परतल्या. पण अशा वेळी सारी मदार कराराच्या कागदावर असते, हे विसरता येत नाही.

भारतातही व्यावसायिक साखळीचे प्रयत्न झाले. 2015 मध्ये बंगळुरू, मुंबई, पुणे इत्यादी आठ संघांची एक साखळी निघाली आणि 2017 नंतर थांबली. 2022 मध्ये राष्ट्रीय महासंघाने नवी साखळी सुरू केली. तीतही बंगळुरूचा संघ होता. ज्यांनी नोकरी सोडून अशा साखळीवर भिस्त ठेवावी, त्यांनी ती बंद पडल्यास कोठे जावे, हा प्रश्न येथे मुख्य आहे.

तात्पर्य, व्यावसायिकता खेळाला तेज देते, नोकरी खेळाडूला आधार देते. पहिलीत कंपनीच्या मर्जीचा धोका, तर दुसरीत मैदानावरील धार बोथट होण्याचा. फिलिपीन्सच्या साखळीमागे गल्लीगल्लीतील प्रेक्षक उभा होता, म्हणून ती टिकली. आपल्याकडे तो प्रेक्षक शाळांच्या मैदानांवर घडवावा लागेल. तोवर कोणत्याही योजनेची परीक्षा एकाच कसोटीवर करावी: गुडघा दुखावलेल्या, वय वाढलेल्या खेळाडूला ती काय देते? विजेत्याचा सत्कार कोणीही करतो. जिच्यात या खेळाडूचीही सोय आहे, तीच व्यवस्था खेळाला दीर्घकाळ पोसू शकते.