थैली दोघांनी मोजावी

चर्चच्या पत्र्यांसाठी जमलेले १८,००० रुपये मी माझ्या मुलीच्या फीसाठी उचलले. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर ‘चार दिवस वापरले’ असं म्हणालो असतो. आज मी ‘चोरले’ हाच शब्द वापरतो.

मी शाळामास्तर. तालुक्याच्या ठिकाणी आमची लहानशी मंडळी आहे, तिचा मी अकरा वर्षं खजिनदार होतो. रविवारची भक्ती संपली की दानार्पणाची थैली माझ्या हातात यायची. रविवारी बँक बंद, सोमवारी शाळा, मंगळवारी आणखी काही. मग पैसे घरीच कपाटात, मिठाईच्या एका जुन्या डब्यात साठत जायचे. महिन्यातून एकदा भरणा करायचो. कधी कुणी विचारलं नाही. ‘मास्तरांकडे आहेत ना, मग काळजी नाही,’ असं सगळे म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. माझ्या आजोबांना गावातला दुकानदार वहीत न लिहिता उधार द्यायचा, इतका त्यांच्या शब्दाला मान. त्या नावावर मी आयता बसलो होतो.

त्या जूनमध्ये पगार लांबला आणि कॉलेजात फी भरायची शेवटची तारीख आली. रात्री डबा उघडला, नोटा मोजल्या आणि आत एक चिठ्ठी ठेवली: ‘१८,००० घेतले, परत करणे.’ खाली सही आणि तारीख. त्या चिठ्ठीने माझं मन शांत झालं. आपण लिहून ठेवलंय म्हणजे हे उसने घेणं आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ती चिठ्ठी वाचणारा दुसरा कोण होता? कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती.

जुलैत पाऊस लागला. पत्रा नेमका प्रभुभोजनाच्या मेजावर गळू लागला. कुणीतरी मेजावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, खाली बादली ठेवली. पंचांनी विचारलं, “मास्तर, पत्रे आणायचे, पैसे कधी काढताय?” मी म्हणालो, “बँकेत चेक अडकलाय, पुढच्या आठवड्यात बघू.” बायबल हातात होतं. हे वाक्य बोलायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही, याची आजही भीती वाटते. पैसे घेताना निदान हात थरथरला होता. त्याच रविवारी प्रभुभोजन होतं, आणि मी ते घेतलं.

आमच्यात एक म्हातारी आहे. अंडी विकते. पदराच्या गाठीत दहा-दहाच्या नोटा बांधून आणते आणि थैली समोर आली की दातांनी गाठ सोडते. पत्र्यांच्या निधीत तिने ३०० रुपये दिले होते. त्या रविवारी बादलीत टपटप पाणी पडत होतं, ती गाठ सोडत होती, आणि थैली धरून उभा होतो मी.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज टाकला. पैसे हाती आले आणि इथे दुसरा मोह उभा राहिला. गुपचूप भरून टाकले असते तर हिशेब जुळला असता आणि विषय संपला असता. पण खोटं मी मंडळीशी बोललो होतो, बँकेच्या पासबुकाशी नाही. मोशेच्या नियमशास्त्रात अशा माणसाला आधी कबुली द्यायला सांगितलंय, मग पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. मी २१,६०० रुपये घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो आणि पुढच्या रविवारी भक्तीनंतर सगळ्यांसमोर उभा राहिलो. पद गेलं, ते जायलाच हवं होतं. म्हातारीने एवढंच विचारलं, “मास्तर, माझे पण होते का त्यात?” मी हो म्हणालो. त्यानंतर बरेच रविवार, गाठ सोडण्याआधी थैली कुणाच्या हातात आहे ते ती मान वर करून बघायची.

आपल्या मंडळ्यांमध्ये हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा एक समज घट्ट बसलाय. ‘देव बघतोय’ म्हटलं की पुढचा प्रश्नच बंद. मीही त्याच आडोशाला राहिलो. पौलाचं उदाहरण बघा. यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांनी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने न्यायला तो तयार नव्हता. तीताबरोबर त्याने आणखी दोन भाऊ पाठवले. त्यातला एक तर मंडळ्यांनीच या कामासाठी निवडलेला होता. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, हे कारण त्याने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात स्वतःच लिहिलंय. पौलासारख्या माणसाला साक्षीदार लागत होते. आणि शिष्यांच्या पैशांची थैली कुणाकडे असायची, तेही योहानाने लिहून ठेवलंय: यहूदा इस्कर्योताकडे.

म्हणून खजिनदार झालेल्या, होणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. थैली चर्चमध्येच, सगळे घरी जाण्याआधी, दोघांनी मोजा. ते दोघे एका घरातले नसावेत. आकडा वहीत तिथेच लिहा, दोघांच्या सह्या घ्या. पैसे घरी नेण्याची वेळ आलीच तर पाकीट चिकटवून त्यावरही दोघांच्या सह्या करा, आणि सोमवारी भरणा. शाळा असली तरी. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या लागतील अशी व्यवस्था करा. मंडळीची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब ठेवायचेच असतात. पण कागद धर्मादाय आयुक्तांकडे गेले म्हणजे भागलं असं समजू नका. अंडी विकणाऱ्या बाईलाही कळेल असा जमाखर्च महिन्याला एकदा वाचून दाखवा. कुणी प्रश्न विचारला तर त्याच्यावर रागावू नका. मला कुणीतरी वेळेवर विचारलं असतं तर मी वाचलो असतो.

आणि सभासदांनो, माणूस चांगला आहे म्हणून त्याला एकटं सोडू नका.

गेल्या वर्षी पंचांनी मला पुन्हा थैली मोजायला बसवलं. माझ्यासमोर एक कॉलेजची मुलगी बसते. मी मोजलं की ती पुन्हा मोजते, आणि तिची सही झाल्याशिवाय मी उठत नाही. तुमच्या कपाटात मंडळीचे पैसे असतील, तर उद्या बँक उघडली की आधी ते भरून या.