मूळ गाव कोणते?

'गाव' ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. आपण राहतो ते एक गाव. आणि "सुटीत आम्ही गावाला जाणार" असे म्हणताना मनात असते ते दुसरे. हे दुसरे गाव पुष्कळदा वडिलांनीही धड पाहिलेले नसते. तथापि ते आपले, ह्याविषयी घरात कोणास शंका नसते. विद्यार्थी मित्रहो, ह्या ओढीचा विचार करावयास धार-देवासइतके योग्य ठिकाण विरळा.

माळव्यात आलेल्या पुष्कळ मराठी घरांनी गाव आडनावातच बांधून आणले. होळ गावाचे ते होळकर. देवासपासून जवळच इंदूर येथे १९२९ साली लता मंगेशकर जन्मल्या. त्यांचे वडील दीनानाथ ह्यांनी गोव्यातील आपल्या मंगेशी गावावरून हे आडनाव घेतले होते. (आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना मंगेशी म्हटले की आधी देऊळ आठवते, आडनाव मागाहून.) देवासच्या टेकडीवर चामुंडेबरोबर तुळजाभवानी आहे. तिचे नाव घेताच मराठी माणसाचे मन तुळजापुरास जाऊन पोचते. ज्यांना दख्खनची वाट दूर पडली, त्यांना टेकडीच्या पायऱ्या चढून कुलस्वामिनीचे दर्शन घडत राहिले.

आता पवारांचेच उदाहरण पाहू. थोरल्या बाजीरावांच्या काळी पवार माळव्यात आले. १७२८ च्या सुमारास तुकोजीराव व जिवाजीराव हे बंधू देवासास स्थिरावले आणि एकाच नगरात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदू लागली. धारेस ह्याच कुळाची दुसरी शाखा आली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पवारांच्या इतिहासात दख्खनमधील सुपे, मलठण ही गावे येतात. तेव्हा त्यांचे मूळ गाव तिकडे, असे आपण सहज म्हणू. परंतु पवार स्वतःस धारेच्या परमारांचे, म्हणजे अकराव्या शतकातील भोजराजाच्या कुळाचे वंशज मानतात. ही घराण्याची परंपरा होय. तिला इतिहासाचा पुरावा समजू नये. पण ती मानली तर सारेच उलटते. मग दख्खन हा परमुलूख ठरतो आणि धारेस येणे म्हणजे शतकांनंतर घरी परतणे! एकाच कुळाला दोन मूळ गावे मिळतात, आणि कोणते खरे हे कोठून मोजावयास आरंभ करावा ह्यावर अवलंबून राहते.

ही ओढ केवळ मराठी माणसाची नाही. जपानी भाषेत तिच्यासाठी 'फुरुसातो' असा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'जुने गाव'. ह्याच नावाचे गीत १९१४ साली तेथील शालेय गीतपुस्तकात आले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते म्हटले. १९५० साली जपानातील जवळजवळ निम्मे कामकरी लोक शेती, वने व मासेमारी ह्यांवर जगत. १९७० पर्यंत हे प्रमाण एक पंचमांशाच्याही खाली आले. गावे ओस पडू लागली. त्याच १९७० साली ओसाका येथील जागतिक प्रदर्शन संपले. पुढे प्रवासी घटू नयेत म्हणून तेथील राष्ट्रीय रेल्वेने 'डिस्कव्हर जपान' ही मोहीम काढली. जुनी देवळे, आडवळणाची स्थानके, शेतवाटा ह्यांची चित्रे शहरोशहरी झळकली, आणि विशेषतः तरुण मुली त्या गावांकडे निघाल्या. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या गावी त्या गेल्या, तेथे त्यांचे कोणीही नव्हते. रेल्वेने तिकिटाबरोबर त्यांना एक फुरुसातोही विकले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पाहुण्यांना जे गाव पाहावयास मिळते, ते उभे कसे राहते? शिराकावा येथील घरांची गवती छपरे प्रार्थनेत जोडलेल्या हातांसारखी उतरती असतात. १९९५ साली ह्या वस्तीचा जागतिक वारशात समावेश झाला. गवत बदलणे एका कुटुंबाच्या आवाक्यातले नसल्यामुळे सारे गाव हात लावते. तेथे ह्या रीतीस 'युइ' म्हणतात. आपल्याकडे शेतकरी अशा सहकार्यास इर्जिक किंवा सावड म्हणत आले आहेत. पाहुणा छप्पर पाहतो. त्याखालची सावड त्यास क्वचितच दिसते. २००८ साली जपानने आणखी एक युक्ती केली. शहरवासीयाने आवडत्या गावाच्या कारभारास देणगी द्यावी व त्याबद्दल करात सूट घ्यावी. गावे उलट तांदूळ, मांस, फळे पाठवू लागली. भेटींची चढाओढ इतकी माजली की, भेटीची किंमत देणगीच्या तीन दशांशांपेक्षा अधिक नसावी, असे बंधन २०१९ साली घालावे लागले. गावाची माया आणि बाजारभाव एकाच टोपलीत आले ते असे.

महाराष्ट्र शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आखले. बैलगाडीत बसावे, पिठले-भाकरी खावी आणि संध्याकाळी परतावे! ह्यास हसण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. कोकणात मात्र निराळे दृश्य दिसते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गणपतीस मुंबईहून माणसे अधिकच लोटू लागली. वर्षभर कुलूप असलेली कितीतरी घरे त्या दिवसांत उघडतात, जळमटे निघतात, माटोळी बांधली जाते. विसर्जन झाले की पुन्हा कुलूप. किल्ली बहुधा शेजारच्या एखाद्या वृद्धेकडे असते. पावसात कोणते कौल फुटले हे तिलाच ठाऊक असते.

तेव्हा ह्या सुटीत प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आपल्या गावाचे नाव, कुलदैवत, आणि तेथून निघालेला पहिला पुरुष किंवा पहिली स्त्री ह्यांची माहिती वहीत लिहून आणावी. त्याखाली एक ओळ मोकळी सोडावी. त्या घरात आज कोण राहते, हे पत्र पाठवून किंवा दूरध्वनी करून विचारावे आणि मग ती ओळ भरावी.